रुमालाखालचा आकडा

सिंगापूरच्या सहलीचा खर्च मी दोन वेळा कागदावर मांडला आणि एकदा हातावर. कागदावरचे दोन्ही हिशेब खरे होते. हातावरचा खोटा होता, आणि तोच मी माझ्या थोरल्या बहिणीला सांगितला. तिला जाऊन आता आठ महिने होतील.

मी नगरला सावेडीत राहते. शहराला नवं नाव मिळालं आहे, पण तोंडात अजून नगरच येतं. एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी चोवीस वर्षं नोकरी करते आहे. लग्न केलं नाही. आक्का, म्हणजे माझी बहीण, घोडेगावच्या पलीकडे एका वाडीवर दिलेली होती. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी नगरला शिकायला आले तेव्हा वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे तिच्या घरून यायचे. महिन्याच्या सुरुवातीला दाजी, म्हणजे तिचे यजमान, एसटीने येऊन ते माझ्या हातात देत आणि चहासुद्धा न घेता परतत. ते पैसे म्हशींच्या दुधाचे होते. कुणी मला तसं मुद्दाम सांगितलं नाही, पण नोटांना गोठ्याचा वास असायचा.

घोडेगावचा जनावरांचा बाजार आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिथली जुनी माणसं म्हशीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. शेकडे की हजार की दहा हजार, ते समोरच्या जनावराकडे पाहून समजायचं. पटलं तर हात दाबायचा, नाही पटलं तर काढून घ्यायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. आणि रुमालाखाली एकदा सांगितलेल्या आकड्यावर कुणी शंका घ्यायची नसते.

दाजींनी हे आम्हा दोघींना शिकवलं होतं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आक्काकडे राहायला जायचे तेव्हाचा तो खेळ. दाजी ओट्यावर बसून खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकायचे आणि दारातल्या शेळीकडे बोट करून भाव विचारायचे. माझी बोटं चुकली की म्हणायचे, "मास्तरीनबाई, पाचशाची शेळी पाच हजाराला घ्याया लागल्या. आता बाप इकावा लागंल." आक्का चुलीपाशी बसून हसायची. ती कधी चुकत नसे.

पुढे हा खेळ आम्हा बहिणींचाच होऊन गेला. कापडबाजारात साड्या घ्यायला गेलो की दुकानदारासमोर आक्का पदराखालून माझा हात धरायची. दोन बोटं आणि वर एक दाब, म्हणजे अडीच हजाराच्या पुढे जायचं नाही. दुकानदार आपला साड्यांवर साड्या उलगडत असायचा आणि आमचं आधीच ठरलेलं असायचं. दुकानातून बाहेर पडल्यावर आक्का म्हणायची, "बिचारा. अजून बोलतोय आत."

सिंगापूर आमच्या बोलण्यात आलं ते मोबाईलवरच्या एका व्हिडिओमुळे. तिथल्या विमानतळाच्या आत, काचेच्या छताखाली, मोठा धबधबा आहे. मी आक्काला तो दाखवला. तिने व्हिडिओ तीनदा पाहिला.

"एवढं पानी आनत्यात कुठून?" तिने विचारलं. "नदी हाय का तिथं?"

"मोठी नदी नाही. बेट आहे ते."

"हिरी?"

"विहिरीही नाहीत."

मला माहिती काढायची सवय आहे. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिला वाचून दाखवलं, की ते पावसाचा थेंबन् थेंब साठवतात, शेजारच्या देशातून नळाने पाणी आणतात, समुद्राचं पाणी गोडं करतात आणि सांडपाणीसुद्धा गाळून पुन्हा पिण्याजोगं करतात.

"मोरीचं?"

"मोरीचं."

आक्काने हातातली कणसं खाली ठेवली. त्यांच्या वाडीला मार्चनंतर टँकर यायचा आणि टँकरवरून जावाजावांत वर्षभर टिकणारी भांडणं व्हायची. "मला ते पानी पिऊन बगायचंय," ती म्हणाली. "एक घोट. बाकी बिल्डिंगी काय, नगरात बी हायेत."

मी तेव्हा हसले. पण त्याच हिवाळ्यात आमच्या कॉलेजातल्या दोन प्राध्यापिका, एक इंग्रजीच्या आणि एक अर्थशास्त्राच्या, मे महिन्यात सिंगापूरला जायचं म्हणू लागल्या आणि माहिती जमवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आमच्या ग्रंथालयाची नोंदणी संगणकावर गेल्यापासून जुनी तालिका-कार्डं पडून आहेत. त्यांची मागची बाजू कोरी. एका कार्डावर विमान, एकावर व्हिसा, एकावर राहणं, एकावर जेवण, एकावर मेट्रो आणि बस, एकावर बागा आणि पक्ष्यांचं उद्यान. मध्यवस्तीत राहायचं की मेट्रोच्या टोकाला, दुपारचं जेवण त्यांच्या खाऊगल्लीत घेतलं तर काय पडेल, कुठल्या बागा फुकट आहेत, हे सगळं मी दोन महिने लिहीत होते. कार्डं लावायची, बदलायची, पुन्हा लावायची. त्या दोन महिन्यांइतका आनंद मला प्रत्यक्ष सहलीतही झाला नाही. माणशी बेरीज ऐंशी हजार आली.

आम्ही सिंगापूरला चाललो आहोत एवढं समजल्यावर आक्का फोनवर म्हणाली, "मंग मी बी येऊ का? माजे पैसे मी भरीन. दुधाचे पंचावन्न हायेत बाजूला."

मी "ये की" म्हणाले. त्या वेळी ते मनापासून म्हणाले होते.

नंतर एका रविवारी दोन्ही प्राध्यापिका माझ्या फ्लॅटवर कार्डं बघायला आल्या असताना आक्का अचानक आली. पासपोर्टच्या कामासाठी राहायलाच आली होती. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, हातात वांग्यांची पिशवी. दारातूनच म्हणाली, "लई उंचावर राहती बाई माजी भन. लिफ्ट बंद हाय, ठाव हाय का तुमाला?" मग सोफ्यावर न बसता खाली बसली आणि थेट विचारू लागली, "तिथं भाकर मिळंल का? न्हाईतर पीठ घेऊन येते. खोलीत शेगडी आसंल ना?"

दोघी हसल्या. वाईट हेतूने नाही. इंग्रजीच्या बाई जाताना मला दारात म्हणाल्या, "किती साध्या आहेत हो तुमच्या ताई."

हे वाक्य मी दिवसभर चघळत राहिले. विमानतळाच्या रांगेत आक्का पिशवीतून भाकरी काढते आहे, मेट्रोत मोठ्याने "सरका की" म्हणते आहे, हॉटेलच्या बाथरूममधून मला हाका मारते आहे, असं सगळं दिसू लागलं. खरं तर इंग्रजी बोलताना माझीही जीभ अडखळते. पाच दिवस मला कुणाची बहीण, कुठल्या वाडीची, हे काही नसलेली बाई व्हायचं होतं. चोवीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या बाईने हे लिहायला लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

दोन दिवसांनी आम्ही चौघी तिकिटं आणि व्हिसा काढून देणाऱ्या माणसाच्या ऑफिसात गेलो. तो पडद्याकडे बघत अर्ध्या इंग्रजीत भराभर आकडे सांगत होता. आक्काला त्यातलं काही समजलं नाही, आणि त्या दोघींसमोर ते विचारणं तिला बरं वाटेना. टेबलाखाली तिचा हात माझ्या हातात आला. वर पदर ओढलेला. ती मला विचारत होती, किती?

खरा आकडा पंजा आणि तीन बोटं, म्हणजे ऐंशी हजार, असा होता. पंचवीस हजार तिला कमी पडत होते. तेवढे ती कुठूनही उभे करील हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पंजा दाबला. मग तीन बोटांऐवजी पुन्हा पंजा दाबला. आणि पुन्हा एकदा. दीड लाख.

मला वाटलं ती हात काढून घेईल. घरी जाताना "राहू दे गं, तू जाऊन ये" म्हणेल आणि मी थोडं वाईट वाटून घेईन. तिने हात काढला नाही. थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग दाबला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "बगते."

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज आनंदी होता. "झालं गं माजं काम. मोठी म्हस दिली. पंच्याण्णवला गेली. आता दीड पुरं झालं."

ती म्हैस मला माहीत होती. तिचं पहिलं वेत झालं तेव्हा आक्काने स्टीलच्या डब्यात चीक भरून, डब्याला फडकं बांधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती सावेडीला पाठवला होता. दरवेळी पाठवायची. डबा परत करताना मी त्यात साखर घालून द्यायचे, रिकामा द्यायचा नाही म्हणून.

त्याच क्षणी फोनवर मला खरं सांगता आलं असतं. चूक झाली, बोटं चुकली, मी तर लहानपणापासून चुकते, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता. मी म्हणाले, "बरं झालं."

मेमध्ये ती येऊ शकली नाही. शाळेच्या दाखल्यावरचं तिचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, आणि पासपोर्ट वेळेत होईना. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते. आक्काने मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. "तू आधी जाऊन ये. वाट बगून ये. दिवाळीनंतर मला घेऊन जा. पैसे कुठं पळून चाललेत?"

सिंगापूरला मी गेले. धबधबा पाहिला. हॉटेलच्या नळाचं पाणी प्यायले, कारण तिथे ते तसंच पितात. चव आपल्या पाण्यासारखीच होती, जरा औषधाचा वास. निघायच्या सकाळी मी त्या नळाच्या पाण्याची बाटली भरून पर्समध्ये ठेवली, आक्कासाठी. विमानतळावर तपासणीच्या ठिकाणी एका मुलीने ती नम्रपणे बाहेर काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितली. पन्नाशी उलटलेली, जगभरच्या नियमांची कार्डं लिहिणारी मी, पाण्याची बाटली हातातल्या सामानात ठेवून आले होते. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "अहो, साधी बिसलेरी आत मिळते."

परतल्यावर वाडीवर गेले. आक्काने चहा केला. पहिल्या घोटाला कळलं, दूध पिशवीचं होतं. त्या घरात मी पिशवीचं दूध कधी प्यायले नव्हते.

"पानी कसं लागलं?" तिने विचारलं.

"आपल्यासारखंच. आणत होते तुझ्यासाठी, काढून घेतलं त्यांनी."

ती पोट धरून हसली. "मोरीचं पानी, अन् ते बी देईनात!" मग गोठ्यात उभ्या असलेल्या पारडीकडे बघत म्हणाली, "हिची आई गेल्यापासून ही खात न्हाई नीट. येईल वळणावर."

नगरला आल्यावर मी लगेच दुसरा हिशेब मांडला. दोघींचा, दिवाळीनंतरचा. माणशी पुन्हा ऐंशीच आले. मी ठरवलं, आक्काला सांगायचं, आता गर्दीचा हंगाम नाही म्हणून स्वस्त पडतंय, उरलेल्या पैशांत दुसरी म्हैस घे. म्हणजे खोट्यावर दुसरं खोटं, पण तिला जनावर मिळालं असतं. कार्डावर मी लिहिलंही होतं: ज्वारीचं पीठ दोन किलो, आणि त्याखालच्या ओळीत, खोलीत शेगडीची सोय असलेल्या जागेचा पत्ता.

भाद्रपदात आक्का गेली. सकाळी कडबा टाकताना कोसळली, नगरच्या दवाखान्यात आणेपर्यंत संपलं होतं. पासपोर्ट पोळ्याला आला होता. त्यातल्या फोटोत ती घाबरलेली दिसते.

गेल्या महिन्यात दाजींचा निरोप आला, ये म्हणून. मी एसटीने गेले. मूलबाळ त्यांना नाही, पुतण्या शेती बघतो. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी फडक्यात बांधलेले पैसे माझ्यासमोर ठेवले. दीड लाख, जसेच्या तसे.

"तिनं बांधून ठिवलेत," ते म्हणाले. "मी हात लावला न्हाई. यात तुजं काय घेनं हाय का? तिकिटाचं काय तिच्यासाठी भरलं व्हतंस?"

"नाही."

"नीट सांग. मेल्या मानसाकडं कुनाचं ऱ्हाऊ नये."

माझ्या पर्समध्ये कार्डं होती. ती काढून दाखवावीत असं वाटलं, पण कागद त्यांनी कधी मानला नाही. मी म्हणाले, "दाजी, एवढे लागणारच नव्हते. मी आक्काला खोटं सांगितलं होतं. ती येऊ नये म्हणून."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात घेतला आणि वर टॉवेल टाकला, चाळीस वर्षांपूर्वी टाकायचे तसा.

"सांग खरा आकडा."

मी त्यांचा पंजा दाबला. मग तीन बोटं धरली. या वेळी चूक नको म्हणून पुन्हा धरली. त्यांनी हात दाबलाही नाही आणि काढूनही घेतला नाही. त्यांचा तळवा कोरडा आणि खरबरीत होता.

"पारडी इकून भागलं आसतं," शेवटी ते म्हणाले.

गोठ्याकडे बघत ते पुढे सांगू लागले.

"मी म्हनलं हुतं तिला. एवढे लागत न्हाईत, त्या बाजूला आपल्या गावचे दोघं जाऊन आलेत, इचार तिला परत. तर मलाच वरडली. म्हनली, तिनं हातानं सांगितलंय, तोंडानं न्हाई."

त्यांनी टॉवेल उचलून झटकला आणि खांद्यावर टाकला. मला वाटलं आता ते आत निघून जातील. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ते उठले आणि गोठ्याकडे गेले. थोड्या वेळाने तिथून हाक आली, "बादली आन."

मी हौदातून बादली भरून नेली. पारडी आता पारडी राहिली नव्हती. अंगाने भरली होती, पोट खाली उतरलेलं. दाजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती बादलीत तोंड घालून पाणी पिऊ लागली आणि आम्ही दोघं तिला पिताना बघत उभे राहिलो.

"श्रावनात इनार हाय," ते म्हणाले. "चीक न्ह्यायला ये. ती धाडायची. आता कोन धाडनार? तुलाच यावं लागंल."

"येईन."

"डबा आन येताना."

पैसे त्यांनी पुन्हा फडक्यात बांधले आणि आत कुठे ठेवले ते मी पाहिलं नाही. त्यांचं काय करायचं, ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. तिठ्यापर्यंत सोडायला ते आले नाहीत. पूर्वी नेहमी यायचे.

आक्काचा शेवटचा डबा अजून माझ्याकडेच आहे. मागच्या वेळचा, परत करायचा राहून गेलेला. काल तो घासून पुसून ओट्यावर ठेवला. श्रावणाला अजून अडीच महिने आहेत. तो चीक माझ्या घशाखाली उतरेल असं वाटत नाही. पण जायचं आहे, आणि जाताना डब्यात साखर घालून न्यायची आहे.